सहासष्टचा जानेवारी

मला एक सवय आहे आणि आई तिला खोड म्हणते. रात्री झोप येत नसली की मी कुठल्याही वर्षाचा कुठलाही एक महिना घेते आणि त्या महिन्यात कोण कोण गेलं त्याची यादी वाचत बसते. तारखेवार असते ती, नाव, वय, काय करायचे, कशाने गेले, की लगेच खालचं नाव. "अगं मध्यरात्री कसली मढी उकरत बसतेस" असं आई पाणी प्यायला उठली की म्हणते, आणि मला तिला नीट सांगता येत नाही की मला ते भीतीदायक वाटतच नाही, उलट त्या यादीत सगळे एका रांगेत उभे असतात ना, पंतप्रधानाला एक ओळ आणि शिल्पकारालाही एकच ओळ, ते बघून कुठेतरी आत शांत वाटतं.

बाकी महिने मी एकदा वाचते आणि सोडून देते. एक महिना मात्र वर्षानुवर्षं परत परत उघडतेय, तो म्हणजे जानेवारी १९६६. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण आमच्या घरात त्या वर्षाची आजोबांची डायरी आहे.

आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांची डायरी म्हणजे मनातलं लिहायची वही अजिबात नव्हे. दूध किती घेतलं, वाण्याचं देणं किती राहिलं, कोणाला दोन रुपये उसने दिले, शाळेत कोण साहेब आले, एवढंच. निळी शाई आता तपकिरीकडे झुकलीय आणि पानं उलटताना कडेचे तुकडे हाताला लागतात म्हणून मी ती टेबलावर सपाट ठेवूनच बघते. तर या डायरीत दर सोमवारच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "सो.रा." लिहिलंय आणि त्यावर आडवी काट मारलीय. मला कितीतरी दिवस वाटायचं की कुणाची तरी आद्याक्षरं असतील, उधारी फेडली म्हणून काट मारली असेल. शेवटी आईला विचारलं तर ती पटकन म्हणाली, सोमवार रात्र. पासष्टच्या लढाईनंतर धान्याची ओढ होती आणि शास्त्रीजींनी सांगितलं होतं की आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, तर आमच्याकडे सोमवारी रात्री चूल पेटायची नाही, पोरांना दूध-पोळी आणि मोठी माणसं तशीच झोपायची. रात्र तशी गेली की आजोबा काट मारायचे.

१० जानेवारी १९६६ ला सोमवार होता. कोपऱ्यात "सो.रा.", त्यावर काट.

त्याच दिवशी तिकडे ताश्कंदला शास्त्रीजींनी आणि पाकिस्तानच्या अयुबखानांनी करारावर सह्या केल्या. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथेच होते. हाजीपीर खिंड, जी आपल्या जवानांनी लढून घेतली होती ती परत द्यायची असं त्या करारात आलं आणि हे घरी लोकांना कसं वाटेल याची शास्त्रीजींना काळजी होती, त्या रात्री त्यांनी दिल्लीला घरी फोन केला आणि घरच्यांनाही करार आवडलेला नव्हता असं त्यांच्यासोबत गेलेल्या माणसांनी नंतर लिहून ठेवलंय. मला त्या फोनचा विचार केला की पोटात तुटतं. माणूस परक्या देशात, थंडीत, दिवसभराच्या वाटाघाटींनी दमलेला, आणि घरच्या आवाजातूनही शाबासकी नाही. रात्री दीडच्या सुमाराला ते गेले, हृदयविकाराने. वय ६१. पंतप्रधान होऊन जेमतेम १९ महिने झाले होते. शवविच्छेदन झालं नाही, म्हणून संशय तेव्हापासून आजपर्यंत चालूच आहे, मी त्यात पडत नाही कारण मला जे बघायचं असतं ते वेगळं आहे. त्यांची शवपेटी विमानापर्यंत नेताना खांदा द्यायला सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन होते आणि अयुबखानही होते. साडेतीन महिन्यांपूर्वी ज्याच्याशी युद्ध चाललं होतं त्याने खांदा दिला. तो फोटो मी खूप वेळ बघितलाय.

आजोबांच्या डायरीत ११ तारखेच्या पानावर दोनच वाक्यं आहेत. "शास्त्रीजी गेले. शाळा सोडली." त्याखाली नेहमीसारखं दूध.

आता त्याच यादीत, त्याच ११ तारखेला, शास्त्रीजींच्या ओळीला लागूनच एक नाव आहे जे आजोबांनी आयुष्यात कधी ऐकलं नसणार. अल्बेर्तो जाकोमेत्ती. स्वित्झर्लंडचा शिल्पकार, वय ६४, तिकडच्याच कूर नावाच्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये गेला. याने केलेली माणसं तुम्ही कुठेतरी पाहिली असतील, काडीसारखी बारीक, उंच, पाय मोठे आणि जमिनीत रुतलेले, चालत निघालेली, अंगावर मांस म्हणून नाहीच, मातीवर बोटांचे ठसे तसेच सोडलेले. पॅरिसमध्ये एका बोळातल्या इवल्याशा खोलीत त्याने जवळजवळ ४० वर्षं काम केलं, पैसे आले तरी खोली बदलली नाही. एक काळ असा होता की त्याच्या हातून मूर्ती लहान लहानच होत जायच्या, इतक्या की युद्ध संपल्यावर तो पॅरिसला परतला तेव्हा काही वर्षांचं काम काड्यापेट्यांमध्ये मावत होतं. समाधान म्हणून कधी नाहीच, रात्री केलेलं सकाळी मोडायचा आणि परत करायचा, आणि हे शेवटपर्यंत.

तो हॉस्पिटलला गेला तेव्हा खोलीत स्टँडवर एक अर्धपुतळा ओल्या मातीत होता, वर ओली फडकी गुंडाळलेली. मातीकाम ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल, माती सुकली तर तडकते, आणि कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठलं तरी तडकते. अल्बेर्तोचा भाऊ दिएगो आयुष्यभर त्याच्याबरोबर राहिलेला, त्याच्यासाठी सांगाडे बांधणारा, साचे काढणारा, त्याच्यासमोर हजारो तास न हलता बसणारा. भाऊ गेल्यावर हा दिएगो पॅरिसच्या त्या खोलीत परत गेला तर थंडीने फडकी मातीवर गोठून बसली होती. त्याने स्टोव्ह पेटवला आणि खोली हळूहळू ऊबदार होऊ दिली, घाई केली असती तर फडक्याबरोबर नाक-गाल सगळं निघून आलं असतं. बर्फ सुटलं, फडकी निघाली, पुतळा वाचला. मग त्याने तो ब्राँझमध्ये ओतून घेतला आणि भावाच्या थडग्यावर नेऊन ठेवला.

मी जाकोमेत्तीची शिल्पं प्रत्यक्ष कधी पाहिली नाहीत. पण ती खोली मला दिसते, भाऊ गेलेला आहे, रडायला वेळ आहे की नाही कोण जाणे, आणि हा खाली वाकून स्टोव्हमध्ये लाकडं घालतोय कारण माती थांबत नाही. सहासष्टच्या जानेवारीचं मला इतकं का वाटतं हे मला त्या स्टोव्हमुळे पहिल्यांदा कळलं. या महिन्यात गेलेले हे सगळे हातातलं काम अर्ध्यावर टाकून गेलेत, म्हातारपणी सगळं आवरून-सावरून नाही, आणि मग यादीतल्या नावापेक्षा मी यादीत नसलेलं नाव शोधायला लागते, म्हणजे त्यांच्यामागे खोलीत कोण शिरलं, पुढचं कोणी बघितलं.

तीनच दिवसांनी, १४ जानेवारीला, मॉस्कोत सेर्गेई कोरोल्योव गेले. ऑपरेशन टेबलावरच. दोन दिवस आधी त्यांचा ५९ वा वाढदिवस झाला होता. ऑपरेशन साधं समजलं होतं, पोट उघडल्यावर आत मोठी गाठ निघाली, करणारे खुद्द सोव्हिएत आरोग्यमंत्री होते. १९३८ साली स्टालिनच्या काळात कोरोल्योवना खोट्या आरोपांवर उचलून नेलं होतं, कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत पाठवलं होतं, तिथून वाचून आले ते दात आणि तब्येत घालवून. आणि त्याच माणसाने १९५७ ला स्पुटनिक सोडला, १९६१ ला गागारिनला वर पाठवलं, १९६५ ला लिओनोव यानातून बाहेर पडून अंतराळात तरंगला तोही यांच्याच हाताखाली.

पण त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी परत एकदा तपासलं होतं कारण खरंच वाटेना. गागारिनचा फोटो जगभर, आणि ज्याने त्याला पाठवलं त्याचा उल्लेख फक्त "मुख्य रचनाकार" एवढाच. वर्तमानपत्रात लेख लिहायचे तेसुद्धा टोपणनावाने. सुरक्षेच्या नावाखाली नाव लपवलं होतं ते १६ जानेवारीला 'प्रावदा' या तिकडच्या वर्तमानपत्रात मृत्युलेख आला, सोबत छातीवर पदकं लावलेला फोटो, तेव्हा त्यांच्याच देशातल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की अरे हा होय तो माणूस. अंत्यविधीला गागारिन बोलला. अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या. बाकीच्यांच्या बाबतीत मृत्यूच्या बातमीने ओळखीचं नाव जातं, यांच्या बाबतीत त्या बातमीने नाव आलं, आणि ते ऐकायला ते नव्हते, यावर काय बोलणार.

ते गेल्यावर बरोबर २० दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, लुना ९ हे सोव्हिएत यान चंद्रावर अलगद उतरलं. त्याआधी एकामागून एक प्रयत्न फसले होते, आणि काही लोकांना वाटायचं की चंद्रावर धुळीचा एवढा जाड थर आहे की काही उतरवलं तर ते आतच गडप होईल. तसं काही झालं नाही, जमीन घट्ट होती, आणि तिथून दगडगोट्यांचे फोटो आले. २० दिवस फक्त. दिएगोच्या स्टोव्हसारखंच हे, कुणीतरी माती जपली. पण सगळं काम असं जपलं गेलं असंही नाही आणि ते लपवून मला चालणार नाही. माणसाला चंद्रावर नेणारं त्यांचं अजस्र रॉकेट पुढे १९६९ ते १९७२ मध्ये चार वेळा उडवलं आणि चारही वेळा फसलं. सोयूझ यानाचा आराखडा त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाला होता, त्याच्या पहिल्याच माणूस घेऊन गेलेल्या उड्डाणात, एप्रिल १९६७ मध्ये, कोमारोवचा जीव गेला. काही माणसांच्या मागे पोकळी राहते ती राहतेच. आणि तरीही तेच सोयूझ दुरुस्त करत करत आजवर उडतंय, १९८४ ला आपले राकेश शर्मा गेले ते सोयूझमधूनच. लहानपणी शाळेत आम्हाला राकेश शर्मांचं इंदिराजींना दिलेलं उत्तर पाठ होतं, पण ज्याच्या डोक्यातून ते यान निघालं त्याचं नाव आमच्या बाईंनाही माहीत नसणार.

मग येते २४ तारीख. परत सोमवार.

त्या दिवशी सकाळी एअर इंडियाचं बोईंग ७०७, नाव कांचनजंगा, मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा करत लंडनला निघालेलं, आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ११७ माणसं होती, एकही वाचलं नाही. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं, खालून रडारवाल्याने सांगितलेलं वैमानिकाला वेगळं कळलं, त्याला वाटलं की आपण डोंगर ओलांडून पुढे आलोय आणि तो खाली उतरायला लागला. चौकशीत हे निघालं. घातपाताच्या गोष्टी याही बाबतीत सांगतात. त्या ११७ मध्ये होमी भाभा होते, व्हिएन्नाला अणुऊर्जेच्या बैठकीला निघालेले, वय ५६.

५६ म्हणजे काहीच नाही हो. आणि भाभांसारख्या माणसाचे ५६ म्हणजे तर मध्यान्हच. मार्च १९४४ मध्ये, म्हणजे हिरोशिमाही व्हायचं होतं तेव्हा, यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं की अजून वीसेक वर्षांनी अणूपासून वीज होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर तोंड बघत बसावं लागू नये, माणसं इथेच तयार हवीत. त्यातून १९४५ ला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, उभी राहिली. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी चालू झाली, आशियातली पहिली. हे झालं पाठ्यपुस्तकातलं. मला भाभांमध्ये जास्त आवडतं ते हे की हा माणूस चित्रं काढायचा, चांगली काढायचा, कुलाब्याच्या संस्थेसाठी तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं घेऊन ठेवली, आणि बांधकामात झाड आडवं आलं तर तोडू द्यायचा नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला लावायचा. अणुभट्टी बांधणारा माणूस झाडाच्या मुळांभोवतीची माती किती ठेवायची याची चिंता करतोय, हे मला फार जवळचं वाटतं.

त्यांचा देह मिळाला नाही. तारापूरचा करार त्यांच्या हयातीत झाला होता, वीज तिथून १९६९ ला आली. तुर्भ्याच्या केंद्राला १९६७ च्या जानेवारीत त्यांचं नाव दिलं, ते गेल्याला वर्षही झालं नव्हतं. विक्रम साराभाईंनी पुढचं खांद्यावर घेतलं आणि तेही पुढे ५२ व्या वर्षीच गेले, पण तो वेगळा महिना आणि ती वेगळी यादी.

आणि ज्या दिवशी विमान पडलं त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. मधले १३ दिवस गुलझारीलाल नंदा हंगामी होते. आजोबांच्या डायरीत २५ तारखेला एका ओळीत लिहिलंय, "भाभांचे विमान पडले. इंदिराबाईंचा शपथविधी." मध्ये फक्त पूर्णविराम.

यापुढची गोष्ट मला कुणी बनवून सांगितली असती तर मी विश्वास ठेवला नसता. विमानाचे तुकडे, सामान, टपाल, सगळं माँ ब्लाँच्या बॉसाँ नावाच्या हिमनदीत गेलं. हिमनदी दिसायला गोठलेली पण ती उतारावरून सरकत असते, वर्षाला थोडी थोडी, आणि पोटात घेतलेलं खाली आणून टाकते, आता बर्फ भराभर वितळतंय म्हणून जास्तच. २०१२ मध्ये तिथे भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पेटी सापडली, आत पाचू, नीलम, माणकं, आणि त्याने ती जशीच्या तशी पोलिसांकडे नेऊन दिली. आणि २०२० च्या उन्हाळ्यात तिथल्या एका कॅफेवाल्याला बर्फात भारतीय वर्तमानपत्रं मिळाली. त्याने ती वाळत घातली. वाळल्यावर वाचता येत होती. हेडलाईन होती इंदिरा गांधी भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार ती, १९ तारखेला पक्षाने त्यांना नेता निवडलं त्या वेळची. म्हणजे ५४ वर्षं बर्फाने तो आठवडा तसाच धरून ठेवला होता. शपथविधीची बातमी त्या पेपरात नाही, कारण शपथ आणि अपघात एकाच दिवशी. तो पेपर विमानात कुणीतरी मांडीवर उघडला असेल. वाचून घडी घालून समोरच्या खिशात ठेवला असेल. वाळत घातलेल्या त्या ओल्या पानाचा फोटो बघून मी रात्री दोन वाजता उठून आजोबांची डायरी काढली होती आणि ते पान आणि हे पान शेजारी शेजारी ठेवलं, एक बर्फातून आलेलं मोबाईलच्या स्क्रीनवर आणि एक आमच्या कपाटातलं.

शास्त्रीजींच्या मागे कोण शिरलं हे सांगायचं राहिलं. पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली होती १२ हजारांची, त्यातले ५ हजार बँकेचं कर्ज. ते गेल्यावर ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं असं त्यांच्या मुलाने सांगितलंय. देशाने भारतरत्न दिलं, मरणोत्तर दिलेलं ते पहिलंच, आणि घरी बाई हप्ते भरत होत्या.

आणि आमच्या घरी? मी त्या डायरीची पुढची पानं बघितली. १७ जानेवारी, सोमवार, "सो.रा.", काट. २४ जानेवारी, काट. ३१ ला काट. फेब्रुवारीचे चारही सोमवार. मार्चचा शेवटचा सोमवार होईपर्यंत एकही सुटलेला नाही. ज्यांनी सांगितलं होतं ते तर गेले होते, विचारायला कुणी येणार नव्हतं, आणि आजोबा खेड्यातल्या शाळेचे मास्तर, त्यांच्या एका रात्रीच्या भाकरीने देशाच्या धान्यात कितीसा फरक पडणार होता, पण काट आहे. एप्रिलपासून खूण थांबते, का ते लिहिलेलं नाही आणि आईलाही आठवत नाही.

आजोबा स्वतःही जानेवारीतच गेले, १९८९ च्या. मी लहान होते, मला त्यांचा धोतराचा वास आणि अंगणातली खुर्ची एवढंच आठवतं. त्या वर्षाचीही डायरी आहे. १६ जानेवारीपर्यंत त्यांचं अक्षर, शेवटी शेवटी ओळीखाली उतरलेलं, थरथरणारं. १७ पासून पानं कोरी. ११ पानं कोरी. मग २८ तारखेला अक्षर बदलतं. आजीचं आहे ते, चौथीपर्यंत शिकलेलं, मोठं, सुटं, पेन जोरात दाबून लिहिलेलं, मागच्या पानावर उमटलेलं. आधी रोज "दूध दीड लिटर" असायचं. तिने लिहिलंय, "दूध एक लिटर". आणि मग २९ ला परत तेच, ३० ला तेच, ३१ ला तेच, आणि डिसेंबरच्या शेवटच्या पानापर्यंत एकही दिवस सुटलेला नाही.